वाड्यापर्यंतची बातमी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट

१ जून

यांत्रिक होड्यांची मासेमारीबंदी आजपासून लागू झाली. ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस चालेल. आपल्या मराठी डेस्कचा प्रयोगही याच काळापासून सुरू. काम एकच: रोजची बातमी गोव्यातल्या वेगवेगळ्या वाचकांना आपल्या उपयोगाची वाटली पाहिजे.

वाचकांची विभागणी "तरुण, महिला, ज्येष्ठ" अशी करायची नाही. वय सारखं असलं तरी सत्तरी तालुक्यातला कुळागर (पोफळी-नारळाची बाग) राखणारा आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा यांच्या गरजा जुळत नाहीत. म्हणून उद्या सकाळी कुणाला काय ठरवायचं आहे, यावरून पाच वाचक धरले.

१. खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली) किंवा सरद (पावसाळी) शेती करणारा: बियाणं कधी टाकायचं, बांधावर कधी जायचं.
२. मासळीवर पोट असलेलं घर: ट्रॉलरमालक, खलाशी, बाजारात बसणारी विक्रेती.
३. सिंधुदुर्गातून रोज येणारा: बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून पेडणे-बार्देशात कामाला किंवा बांबोळीला उपचारासाठी.
४. घर चालवणारी बाई: नळ, बस, शाळा, सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये.
५. भाड्याने राहणारा कामगार. मराठी कळते, पण छापील मराठी सवयीची नाही.

४ जून

गेल्या पंधरवड्यातल्या १२० बातम्या काढून तक्त्यात भरल्या. चारच रकाने: ठिकाण किती बारीक दिलंय, बोलतंय कोण, वाचकाने काय करायचं, कधीपर्यंत. पहिल्या वाक्यात जे नाही ते "नाही" धरलं, कारण फोनवर वाचणारा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचेल याची खात्री नसते.

ठिकाण बहुतेक वेळा तालुक्यावर थांबतं. गोव्यात १२ तालुके आणि १९१ पंचायती आहेत, आणि पंचायतीखाली वाडे. "पेडणे तालुक्यात वीज खंडित" एवढ्यावर मोरजी आणि इब्रामपूर एकाच दोरीत बांधले जातात. बोलणारे म्हणजे मंत्री, आमदार, सरपंच, अधिकारी. ज्याच्या दारात पाणी शिरलं तो आलाच तर शेवटच्या परिच्छेदात, नावाशिवाय, "संतप्त ग्रामस्थ" म्हणून.

"कधीपर्यंत" हा रकाना सर्वांत रिकामा. मुदत असलेल्या बातम्यांतही तारीख खाली गेली आहे, कारण प्रसिद्धिपत्रक मंत्र्याच्या नावाने सुरू होतं आणि आपण त्याच क्रमाने लिहितो. हा क्रम आधी मोडायला हवा.

९ जून

पाण्याची बातमी पहिली घेतली. मूळ मजकूर असा होता: "जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीनिमित्त पाणीपुरवठा मर्यादित राहणार असून नागरिकांनी सहकार्य करावे."

यात गाव नाही, वेळ नाही, पर्याय नाही. आधी प्रकल्पांची वाटणी लिहून घेतली: खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी फोंडा आणि तिसवाडीला, अस्नोड्याचं बार्देशला, चांदेलचं पेडण्याला, साळावलीचं दक्षिणेकडे. पण एवढ्यावर गावांची यादी करायला गेलो तर चुकते. प्रकल्प एक असला तरी मधे उंचावरच्या टाक्या आणि व्हॉल्व्ह असतात. एकाच गावात खालच्या वाड्यात पाणी आणि टेकडीवर ठणठणाट, हे नेहमीचं. म्हणून प्रकल्प, टाकी, वाडा अशी तीन पायऱ्यांची नोंदवही सुरू केली. तिसरी पायरी कार्यालयातून मिळत नाही. ती व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला ठाऊक असते.

दुसरी अडचण वेळेची. "आठ तासांत दुरुस्ती" म्हणजे आठ तासांनी नळाला पाणी नव्हे. दुरुस्तीनंतर पंपिंग सुरू होतं, रिकामी वाहिनी भरते, टाकी भरते, मग वितरण. टोकाच्या वाड्याला सर्वांत उशिरा. आपण दुरुस्तीची वेळ छापतो, बाई त्या वेळी नळ उघडते, पाणी नसतं, आणि पेपर खोटा ठरतो. यापुढे दोन वेळा वेगळ्या द्यायच्या: "पंपिंग सुरू होण्याची अपेक्षा" आणि "टोकाच्या वाड्यांना पाणी". दुसरी वेळ अधिकाऱ्याने दिली नाही तर "टोकाच्या वाड्यांना उशीर होईल, साठा करून ठेवा" असं स्पष्ट लिहायचं.

नवा साचा पाच ओळींचा: कुठले वाडे, कधीपासून कधीपर्यंत, कारण एका वाक्यात, टँकरसाठी कुणाला विचारायचं, पुढची माहिती आपण किती वाजता देणार. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ती दिली की त्या वेळी काही तरी द्यावंच लागतं, मग ते "अजून काम चालू आहे" एवढंच का असेना.

१४ जून

पाऊस. इथे आपल्या हातून होणारी चूक बारीक पण कायमची आहे. हवामान खात्याचा २४ तासांचा आकडा सकाळी ८.३० ते सकाळी ८.३० असा असतो. म्हणजे १४ तारखेच्या सकाळी मिळालेला आकडा बहुतांश १३ तारखेच्या पावसाचा. आपण त्याला "आज पणजीत इतका पाऊस" म्हणतो, आणि काल दुपारी झोडपलेला पाऊस आजच्या खात्यावर जातो. नियम: आकड्यासोबत "सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत" हे शब्द सुटता कामा नयेत.

शब्दांचाही गोंधळ आहे. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्याच्यावर अत्यंत जोरदार. आपल्याकडे "मुसळधार" आणि "अतिवृष्टी" हे दोन शब्द कुठल्याही आकड्याला चिकटतात. डेस्कवर तक्ता लावला आहे. मथळ्यात विशेषण हवं असेल तर या तक्त्यातलंच.

मिलिमीटर घरात कसा आणायचा? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर ११५ मिलिमीटर पडला तर ११,५०० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या साडेअकरा टाक्या एका दिवसात त्या छपरावरून अंगणात. हे वाक्य वापरलं तेव्हा पन्हळ आणि गटार साफ करण्याबद्दल प्रश्न आले. नुसत्या आकड्याला कधी आले नव्हते.

रंगांचा अर्थही दर वेळी लिहायचा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता कृती. रंग जिल्ह्याला असतो, तालुक्याला नाही. "सत्तरीत रेड अलर्ट" हे आपण पदरचं घातलेलं असतं.

१५ जून

कालच्या नोंदीत खाजन शेतकरी राहिला. त्याला पावसाचा आकडा एकटा पुरत नाही. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस झाला तर आतलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते. ते बांधावर दाबून राहतं आणि कमजोर जागी बांध फुटतो. मग खारं पाणी शेतात, आणि ते मीठ धुऊन जाईपर्यंत भात नाही.

म्हणून पावसाच्या पट्टीखाली मुरगावच्या भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. त्या दिवसांत नारिंगी इशारा असेल तर ती बातमी पहिल्या पानावर यायला हवी, मग राजकारणाचं काहीही चालू असो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचा तक्ता उचलून आज चालत नाही. खाडीच्या आत शिरलं की मुरगावची वेळही जुळत नाही, पाणी उशिरा चढतं. "आतल्या भागात उशिरा" ही टीप कायम.

१९ जून

भाषा. तीन कामं झाली.

पहिलं, गावांच्या नावांची वही. साखळी-सांखळी, वाळपई-वाळपय, डिचोली-दिवचल, म्हादई-म्हादयी. वाचक आपल्या तोंडच्या रूपाने शोधतो आणि आपली बातमी दुसऱ्या रूपात दडलेली असते. मजकुरात एकच ठरलेलं रूप, बाकीची रूपं शोधशब्दांत. जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुराचा त्रास वेगळा: "ऱ्य", "ऱ्ह" तुटतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, आणि डोळ्याला ठीक दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. रूपांतरानंतर "शेतकऱ्यांना", "किनाऱ्यावर", "तऱ्हा" हे तीन शब्द शोधून बघायचे. ते सापडले तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

दुसरं, इथले शब्द अवतरणचिन्हांत टाकायचे नाहीत. मानस, खाजन, कुळागर, वायंगण, मुंडकार हे आपले चालते शब्द आहेत. त्यांच्याभोवती चिन्हं घातली की पेपर बाहेरच्या माणसासाठी लिहिल्यासारखा वाटतो. सिंधुदुर्गातल्या वाचकाला यातले बरेचसे कळतात. मुंडकारासारखा कायद्याचा शब्द असेल तर वाक्यातच अर्थ उलगडायचा: "भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा मुंडकार".

तिसरं, बोलणारा कोंकणीतून बोलला तर त्याचं एक वाक्य कोंकणीतच ठेवायचं. "आमी काय करपाचें?" याचं "आम्ही काय करावे असा सवाल त्यांनी उपस्थित केला" केलं की माणूस नाहीसा होतो. गोव्याच्या मराठी वाचकाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

२४ जून

श्राव्य बातमी. पाचव्या वाचकासाठी आणि डोळे थकलेल्या सगळ्यांसाठी.

लांबी ९० सेकंद. सावकाश मराठी वाचनात तेवढ्यात १८० ते १९० शब्द बसतात. २२० शब्द कोंबले की गावांची नावं गिळली जातात, आणि नेमकी तीच ऐकायची असतात. ६४ केबीपीएस मोनो ठेवलं तर फाइल साधारण ७२० केबी होते, सांग्याच्या आतल्या भागातही उतरते. स्टिरिओ नको, आकार वाढतो आणि फायदा काही नाही.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला धरायचा, समोर धरला की "प", "भ", "फ" फुटतात. पत्र्याखाली रेकॉर्डिंग करायचं नाही. पावसाचा आवाज नंतर काढायला गेलं तर बोलणंही घोगरं होतं. कपाटाचं दार उघडं ठेवून कपड्यांकडे तोंड करून वाचलेलं सर्वांत स्वच्छ आलं.

आकडे कानाला वेगळे लागतात. "दोनशे चार पूर्णांक चार" ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाही, "दोनशेच्या वर" राहतं. वेळ "१७.३०" नाही, "संध्याकाळी साडेपाच". गावांची यादी दोनदा वाचायची, सुरुवातीला आणि शेवटी.

वाटप: व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांवर थांबते, आणि ज्याने आपला नंबर साठवलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. चॅनेलला ती मर्यादा नाही, पण तिथे उलट बोलता येत नाही. दोन्ही ठेवतो आहोत: चॅनेलवर बातमी, आणि प्रत्येक बातमीखाली प्रश्न पाठवायचा नंबर. उलट येणारा प्रश्न ही या प्रकल्पातली सर्वांत मोलाची वस्तू आहे, तो हातचा जाऊ द्यायचा नाही.

३ जुलै

म्हादई. पाणी तंटा लवादाने २०१८ साली दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. आपण वर्षानुवर्षं १३.४२ हा आकडा एकरकमी छापतो. तो फोडला तर चित्र बदलतं: ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, जे पाणी वापरून पुन्हा नदीत येतं, १.५ खोऱ्यातल्या खोऱ्यात वापरायला, आणि ३.९ खोऱ्याबाहेर मलप्रभेत वळवायला. त्यातलं कळसा नाल्याचं १.७२, भांडुरा नाल्याचं २.१८.

सत्तरीतल्या माणसाचा जीव ज्यात अडकला आहे ते हे ३.९. म्हादईच्या प्रश्नाबद्दल आपल्याला आस्था आहे म्हणूनच हा फरक लपवून चालणार नाही. मोठा आकडा वापरून भीती वाढते, समज वाढत नाही, आणि समोरची बाजू तो आकडा सहज खोडून काढते.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढी शून्यं कुणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. साळावली धरण पूर्ण भरलं की सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर पाणी असतं, ३.९ टीएमसी म्हणजे सुमारे ११० दशलक्ष. "साळावलीच्या निम्म्याला थोडं कमी पाणी दर वर्षी खोऱ्याबाहेर" हे वाक्य केप्यातही कळतं आणि वाळपईतही. पुढचा परिच्छेद मात्र आकड्यांचा नको. खोऱ्याबाहेर गेलेल्या पाण्याचा परिणाम वर्षभर सारखा नसतो, पावसाळ्यात नदी दुथडी असते आणि फेब्रुवारी ते मे ती आटते. उन्हाळ्यात प्रवाह घटला की खारं पाणी मांडवीत, म्हणजे म्हादईच्या खालच्या टप्प्यात, आणखी वर चढतं. शेतकऱ्याला आणि तिसऱ्यो (शिंपल्या) काढणाऱ्यांना हे वर्षाच्या बेरजेपेक्षा आधी जाणवतं.

१० जुलै

जमीन. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेल्या कलम ३९अ खाली विभागबदलाच्या (जमिनीचा ठरवलेला वापर बदलण्याच्या) नोटिसा निघतात आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. नोटिशीत गाव, सर्व्हे नंबर, पोटभाग, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आधीचा विभाग, मागितलेला विभाग. आपली बातमी मात्र "अमुक हेक्टर जमीन रूपांतरित" अशी एकत्र बेरजेची. बेरजेने राग येतो, पण हरकत सर्व्हे नंबरावरच घालावी लागते.

नवी मांडणी: गावानुसार यादी, प्रत्येक गावापुढे शेवटची तारीख, आणि तीच मथळ्यात. क्षेत्राशेजारी ओळखीची खूण: देवळामागची, व्हाळाकाठची. खूण लिहिण्याआधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि नकाशा ताडून बघायचा. ४५/१ आणि ४५/१-अ यांत एका अक्षराचा फरक असतो आणि जमीन वेगळ्याच माणसाची निघते. आकडे हाताने टाइप करायचे नाहीत, नोटिशीतून उचलायचे आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून तपासायचे.

जुलै हा ग्रामसभांचा महिना. ग्रामसभा रविवारी असते, म्हणून यादी गुरुवारी-शुक्रवारी जायला हवी. सोमवारी छापलेली चांगली बातमी त्या गावाच्या कामाची नाही.

१८ जुलै

कोण बोलतं याचा तक्ता पुन्हा भरला. बायकांचे आवाज अजून कमीच. कारण शोधताना वेळापत्रक सापडलं: आपण फोन सकाळी १० ते १२ मध्ये करतो. त्या वेळी मासळीबाजारात विक्रीची गर्दी, घरात जेवणाची घाई, अंगणवाडीत मुलं. दुपारी अडीच ते चार ही वेळ धरली तेव्हा माणसं निवांत बोलली. फोन करायच्या वेळा आता संपर्कयादीतच नावापुढे लिहितो.

२७ जुलै

बंदी उठायला चार दिवस. एकच माहिती, तीन सुरुवाती करून पाहिल्या.

मालिम आणि कुटबण जेटीवरच्या ट्रॉलरमालकासाठी: बंदी ३१ जुलैला मध्यरात्री संपते, पण समुद्र खवळलेला असेल तर निघायचं की नाही, इशारा कुठे बघायचा. खलाश्यासाठी: बरेचजण ओडिशा, झारखंडहून येतात, त्यांना परतायची तारीख, कागदपत्रं आणि जीवरक्षक जॅकेट. बाजारात जाणाऱ्यासाठी: १ ऑगस्टला भाव लगेच उतरेल अशी आशा धरू नका, होड्या टप्प्याटप्प्याने निघतात.

यातला धोका कळला. तीन मजकुरांपैकी एकात वाऱ्याचा इशारा बदलला, दोनांत जुनाच राहिला. म्हणून आता आधी एक तथ्यपत्र: तारखा, आकडे, नावं, इशारे, प्रत्येकापुढे पडताळल्याची वेळ. तिन्ही सुरुवाती त्यातूनच घ्यायच्या, आणि बदल फक्त तथ्यपत्रात करून तिथून खाली न्यायचा. तथ्यपत्राशिवाय एकापेक्षा जास्त रूपं करायची नाहीत.

५ ऑगस्ट

चित्रपट्ट्या. चित्रात लिहिलेला मजकूर अंध वाचकाच्या फोनला वाचता येत नाही. पाण्याच्या वेळा चित्रात असल्या तरी त्याच खाली अक्षरांत हव्यात. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ फरक, म्हणजे पिवळ्यावर पांढरं बाद. देवनागरीला ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत घुसतात.

१२ ऑगस्ट

मोजमाप. क्लिक मोजून दिशा चुकते: अपघाताच्या बातमीला नेहमीच जास्त येतात. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने वाचकाच्या सहा गरजांची मांडणी केली होती, ताजं सांगा, समजावून सांगा, दृष्टिकोन द्या वगैरे. ती लावून पाहिली तर आपल्या जवळजवळ सगळ्या बातम्या "ताजं सांगा" या एकाच खणात पडतात. पावसाचं आणि म्हादईचं लिखाण "समजावून सांगा"मध्ये गेलं. आपल्याला सातवा खण लागतो: "काय करायचं ते सांगा".

आपली चाचणी साधी ठेवली. आठवड्यातून एक बातमी, कार्यालयाबाहेरचे पाच वाचक, वाचून झाल्यावर फोन खाली ठेवायला सांगून तीन प्रश्न: हे कुठल्या गावांबद्दल आहे? तुम्हाला काही करायचं आहे का? कधीपर्यंत? पाचांपैकी दोघे अडखळले तर बातमी पुन्हा लिहायची. वाचक अडखळला की त्याला समजावत बसायचं नाही, त्याचं बोट जिथे थांबलं ती ओळ टिपायची. बहुतेक वेळा ती ओळ प्रसिद्धिपत्रकातून जशीच्या तशी आलेली असते.

२० ऑगस्ट

चवथीची तयारी. बाजार, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं) सामान, कदंबच्या जादा बसेस, सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्यांसाठी पत्रादेवी सीमेवरची गर्दी. सगळं एकाच तथ्यपत्रात येतंय. बसच्या वेळा स्थानकावरच्या फलकाशी ताडल्याशिवाय द्यायच्या नाहीत.

पाण्याच्या नोंदवहीत फोंडा आणि तिसवाडीचे वाडे बऱ्यापैकी भरले. धारबांदोड्याची तिसरी पायरी पूर्ण कोरी आहे. चवथीला घरं माणसांनी भरतात आणि पाणी सर्वांत जास्त लागतं, म्हणून ती आधी. उद्या सकाळी सातला, व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी, तिथल्या कुळे गावापासून सुरुवात.